घरगुती मसाल्याला ओळख हवी आहे? मग लोगो सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातलं एक कुटुंब गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि लिंबाचं लोणचं घरी करून विकतं. महिन्याला साधारण १५० किलो माल जातो, तो बहुतेक ओळखीतून आणि व्हॉट्सॲपवरून. आता दुकानांत माल ठेवायचा आहे. हाताशी ४०,००० रुपये आहेत. एका डिझायनरने ५,००० रुपयांत लोगो करून देतो असं सांगितलंय. तो करून घ्यावा का, नाव काय ठेवावं आणि बाकीचे पैसे कुठे घालावेत?

लोगो आत्ता करून घेऊ नका. त्याआधी तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा माल मागताना कोणते शब्द वापरतं ते शोधा. व्हॉट्सॲपवरचे गेल्या तीन महिन्यांचे ऑर्डरचे संदेश उघडा आणि त्यातले वर्णनाचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवून काढा. "तो कमी तिखटाचा गोडा", "मागच्या वेळचं जरा जाडसर मेतकूट", "वहिनींचा मसाला". पन्नास संदेशांत एकच गोष्ट पंधरा-वीसदा आली, तर तुमची ओळख लोकांनी आधीच ठरवून टाकली आहे. तुम्हाला ती फक्त पाकिटावर आणायची आहे. तुमच्या मनात "अस्सल पारंपरिक चव" असेल आणि लोक "दळण जाडसर असतं" म्हणून मागत असतील, तर लोकांचं धरा. पारंपरिक चव सगळेच सांगतात.

मराठीत ब्रँड हा शब्द येण्याआधी "छाप" आणि "मार्का" होते आणि ते जास्त नेमके होते. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तो घोडा छाप म्हणून. पुढे उंट आला आणि त्यातूनच कॅम्लिन. वाचता न येणारा माणूसही दुकानात जाऊन "घोडा छाप द्या" म्हणू शकायचा. आजही पाकिटाची हीच परीक्षा घ्या. पुण्यातल्या बहिणीने नाशिकच्या जावेला फोनवर तुमचं पाकीट एका दमात सांगता आलं पाहिजे: "मोरपंखी पाकीट, त्यावर मोठा पांढरा वरवंटा." हिरवं पान, त्याभोवती गोल आणि खाली एक लाटेसारखी रेघ, असा लोगो कुणालाच सांगता येत नाही. पाच हजारांत बहुधा तोच मिळतो.

आता नाव. सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, कारण लेबल पुढच्या छपाईत बदलता येतं; नाव बदललं की मिळवलेली ओळख पुन्हा शून्यावर.

"आजीचा", "घरगुती", "गावरान", "सुगरण", "स्वाद", "रुची" या शब्दांपासून लांब राहा. ते वाईट नाहीत, पण ते कुणाचेच नाहीत. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुण किंवा उगम नुसता सांगणारा शब्द सहसा नोंदवून मिळत नाही. "सांगली मसाले" हेही त्यातच येतं. शिवाय सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव मालावर मिरवताना अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद आहे का, हा प्रश्न वेगळा उभा राहतो. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांचे २०१८ चे नियमही आहेत. नावातच शुद्ध, ताजा, पारंपरिक, अस्सल अशा अर्थाचा शब्द असेल आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर "हे केवळ ब्रँडचं नाव आहे" असा खुलासा लेबलवर छापावा लागतो. स्वतःच्याच नावाची पाकिटावर अशी सफाई देत बसण्यात काय अर्थ?

आडनाव लावावं का? लावता येतं, पण त्याच ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे दुसऱ्या कुणी स्वतःचंच आडनाव प्रामाणिकपणे वापरलं तर त्याला अडवता येत नाही. जोशी, पाटील, कुलकर्णी असाल तर हा धोका खराच आहे. आडनाव दुर्मीळ असेल तर मात्र ते चांगली पूंजी आहे. देवांची नावं इतक्या जणांनी लावलेली असतात की वेगळेपणा उरत नाही. आणि महाराष्ट्रात नेहमी होणारी एक चूक: १९५० च्या बोधचिन्हं व नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव, चित्र आणि "शिवाजी" हा शब्दही आहे. कितीही भक्तीने लावलं तरी व्यापारी नाव म्हणून ते चालत नाही.

मग कुठलं नाव? मालाचं वर्णन न करणारा, पण त्याच घरातला वाटणारा शब्द चांगला काम करतो. उदाहरणापुरते "ओसरी" आणि "माजघर" घेऊ. हे शोध न घेता उचलू नका, आधीच कुणीतरी नोंदवलेले असू शकतात. दोन्ही शब्द मसाल्याचं वर्णन करत नाहीत, पण घर डोळ्यांसमोर आणतात. आता त्यांची ओढाताण करून बघा. इंग्रजी लिपीत "ओसरी" फार तर दोन प्रकारे लिहिलं जाईल. "माजघर"मधला ज दंत्य आहे, म्हणून निम्मे लोक जे वापरतील आणि निम्मे झेड. त्यात पहिल्या अक्षराला एक ए की दोन, हा आणखी घोळ. ळ, ण, दंत्य च-ज-झ असलेल्या प्रत्येक नावाचं हे दुखणं आहे. "पागोळी" ऐकायला फार गोड, पण शोधताना चार वेगळी स्पेलिंग होतात आणि चारातल्या तीन पत्त्यांवर तुम्ही नसता. दहा जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि दोन्ही लिपींत लिहून पाठवायला सांगा. आठ जणांचं सारखं आलं तर नाव पास.

अक्षरांच्या बाजूने मात्र "माजघर" जिंकतं. त्यात शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराखाली काहीच नाही, म्हणून दोन इंचांच्या पट्टीत ते उंचच्या उंच बसतं. "ओसरी"ला वर मात्रा आणि वेलांटी लागते, त्यामुळे मूळ अक्षर तेवढं लहान करावं लागतं. वर रफार आणि खाली उकार असलेलं नाव तीन मजली होतं, आणि छोट्या लेबलवर मधला मजला चिरडतो. नाव ठरवताना हे फारसं कुणी बघत नाही. मग बोर्ड रंगवणारा दोन फुटांच्या पट्टीत अक्षरं कोंबत बसतो.

तीन नावं हातात आली की ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर सार्वजनिक शोध घ्या. शब्द कुठेही असला तरी दाखवणारा शोध घ्या, आणि उच्चाराने जुळणारी नावं दाखवणाराही. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांक दिलेले वर्ग असतात, तुम्हाला त्यातले दोन बघायचे आहेत: मसाले, पिठं, भाजणी, मेतकूट वर्ग ३० मध्ये येतात आणि लोणचं वर्ग २९ मध्ये. फक्त ३० बघून निश्चिंत झालात आणि २९ मध्ये तेच नाव दुसऱ्या लोणचेवाल्याचं निघालं, तर सगळ्या मालाला एक नाव लावता येणार नाही. व्यक्तीच्या नावाने किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे, म्हणजे तुमचे ९,०००. मालकी एकट्याची असेल तर अर्ज त्या व्यक्तीच्याच नावाने होतो. वकील किंवा एजंट घेतला तर त्याची फी वेगळी.

अर्ज आधी शब्दाचा करा, चित्राचा नंतर. चित्र पुढे बदलेल, शब्द तोच राहील. चित्र नोंदवायचंच झालं तर काळ्या-पांढऱ्यात नोंदवा: रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेली खूण सगळ्या रंगांसाठी धरली जाते. ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षण अहवालात आक्षेप आला तर उत्तराला एक महिना असतो. तो अहवाल ईमेलवर येतो आणि एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहिल्याने कितीतरी अर्ज सोडून दिलेले धरले जातात, म्हणून अर्जाची स्थिती स्वतः दर पंधरवड्याला बघा. ट्रेडमार्कच्या सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर इतरांना हरकतीसाठी चार महिने. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज केला की टीएम लिहिता येतं. गोलातला आर मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच, त्याआधी लिहिणं बेकायदा आहे.

नावाचा वापर आधीपासून असेल तर त्याचा पुरावा ठेवा: तारीख असलेली बिलं, प्रदर्शनाच्या पावत्या, जुनी लेबलं. वाद झाला तर कोण आधीपासून वापरतंय याला मोठं वजन असतं.

आता अक्षरांकडे. तुमच्या अर्थसंकल्पात चित्रापेक्षा नावाच्याच अक्षरांना वळण देऊन घेणं जास्त फायद्याचं. मराठीत याची मोठी परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नुसत्या अक्षरांतून नाटकाचा स्वभाव उभा केला. वेगळ्या चित्राची गरजच पडायची नाही. हाताने अक्षरं काढून देणारा चांगला कलाकार मिळाला तर त्यालाच काम द्या. फॉन्ट वापरायचा असेल तर "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक हे खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी पैसे न देता वापरता येतात. कुठलाही फॉन्ट घेतला तरी तीन गोष्टी तपासा.

पहिली, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का. बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळण येतं. मराठी वळण आत दडलेलं असतं, भाषा मराठी निवडल्यावर उमटतं. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ते मुळातच आहे. मराठी गिऱ्हाइकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण हिंदी वळणाचा ल असला की पाकीट बाहेरगावचं वाटतं. दुसरी, ऱ्य. "मिऱ्याची पूड" हे "मिर्याची पूड" छापून आलेलं दिसतं. असा रफार घरगुती मसाल्याच्या पाकिटावर म्हणजे मिठाचा खडा. तिसरी, जोडाक्षरं. डिझायनरच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी सुरू नसेल तर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षर सुटतं. प्रेसकडे फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदलून द्या, म्हणजे त्यांच्याकडचा जुना फॉन्ट ती पुन्हा मोडणार नाही. पण बदलण्याआधीची फाइलही स्वतःकडे ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी एक शब्द दुरुस्त करायला सगळं नव्याने करावं लागेल.

तयार झालेली अक्षरं १५ मिलिमीटर रुंदीत छापून बघा, रबरी शिक्का करून बघा, झेरॉक्स काढून बघा, आणि व्हॉट्सॲपच्या गोलात टाकून बघा, कारण तिथे आडव्या नावाची दोन्ही टोकं कापली जातात. गोलासाठी पहिलं अक्षर एकटं वापरायची सोय आधीच करून घ्या.

रंग ठरवण्याआधी ज्या दुकानांत माल ठेवायचा आहे तिथल्या मसाल्याच्या फळीचा फोटो काढा. लाल, पिवळा, केशरी आणि थोडा हिरवा एवढंच दिसेल. त्यात आणखी एक लाल पाकीट ठेवणं म्हणजे गर्दीत उभं राहून हळू बोलणं. मोरपंखी, गडद जांभळा, विटकरीकडे झुकणारा तपकिरी यांतला एक मुख्य रंग घ्या आणि सगळ्या पाच मालांना तोच ठेवा. माल ओळखायला फक्त एक रुंद पट्टी बदला: मेतकुटाला पिवळी, कांदा-लसणाला लाल. प्रत्येक मालाचं डिझाइन वेगळं केलं की फळीवर पाच अनोळखी पाकिटं दिसतात, एक घर दिसत नाही.

मोबाइलवर दिसणारा झगझगीत केशरी किंवा पोपटी छपाईत मळकट येतो, छपाईच्या चार शाईंना (सायन म्हणजे निळी, मजेंटा म्हणजे गुलाबी, पिवळी आणि काळी) तो रंग गाठताच येत नाही. म्हणून रंग छापील नमुन्यावरूनच ठरवा आणि त्याचे चार आकडे लिहून ठेवा. मोरपंखी असेल तर सायन ९०, मजेंटा ३५, पिवळा ४५, काळा १५ असं काहीतरी. खाकी कागदी पाऊचवर खाली पांढरी शाई न देता छापलं तर प्रत्येक रंग एक-दोन छटा काळवंडतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाईंचा काळा किंचित सरकला तरी मात्रा दुहेरी दिसतात. गडद रंगावर पांढऱ्यात काढलेली बारीक देवनागरी शाई भरून बुजते. सात पॉइंटच्या खाली जाऊ नका.

थेट छापील पाऊचचा मोह सध्या टाळा. त्या छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर, म्हणजे छपाईचा कोरलेला रूळ, लागतो. पाच माल आणि पाच रंग म्हणजे २५ सिलिंडर, शिवाय प्रत्येकी मोठी किमान ऑर्डर. तुमचे १५० किलो २०० ग्रॅमच्या पाकिटांत भरले तर महिन्याला ७५० पाकिटं होतात, तीन महिन्यांची २,२५०. तेवढ्याला साधा पाऊच आणि स्टिकर पुरतो. प्रत्येक मालाची ५०० पेक्षा जास्त लेबलं पहिल्या खेपेला छापू नका. पहिल्या लेबलमध्ये काहीतरी चुकलेलं निघतंच. पुढे खप वाढला की सगळ्या मालांना एकच पाऊच छापून घ्या, नाव आणि रंग त्यावर, मालाची पट्टी स्टिकरने. सिलिंडरच्या एकाच संचात काम भागतं.

स्टिकर कागदाचा नको, प्लास्टिक फिल्मचा घ्या. मसाल्याचं तेल आणि हळद कागदात मुरते आणि आठवड्यात डाग पडतात. लेबल रिकाम्या, सपाट पाऊचवर लावा, भरल्यावर लावलं तर सुरकुत्या पडतात. सीलच्या पट्टीपासून दीड सेंटिमीटर खाली ठेवा, गरमीने कड उचलते. मसाला दिसावा म्हणून मोठी पारदर्शक खिडकी ठेवू नका. उजेडाने मिरचीचा आणि हळदीचा रंग उडतो, आणि दोन महिन्यांनी तुमची खिडकी फिका मसाला दाखवत बसते. भाजणीला चालेल.

मागच्या बाजूला कायद्याचा मजकूर: घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, प्रति ग्रॅम किंमत, पॅकिंगची तारीख, किती काळ टिकेल, लागू असेल त्या मालाला पोषणमूल्य, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, १४ अंकी अन्न परवाना क्रमांक. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असायला लागतो; मराठी जोडीला चालते, पण नुसतं मराठी लेबल पुरत नाही. त्यामुळे पुढची बाजू मराठीत दिमाखात आणि मागची दोन भाषांत, अशी विभागणी सुरुवातीलाच धरा. शाकाहाराची हिरवी खूण पुढच्या बाजूला हवी. लेबलची ती बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर ठिपका किमान ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत ४ मिलिमीटर. किंमत आणि तारीख छापू नका, जागा कोरी सोडून शिक्का किंवा छोटं यंत्र वापरा. मोठ्या दुकानांना बारकोड लागतो. त्याचा पूर्ण आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर, तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. रेघा लाल किंवा केशरी नकोत, यंत्राच्या लाल उजेडात त्या दिसतच नाहीत.

डिझायनरशी कागद करा, चार ओळींचा का होईना. कलाकृतीचे हक्क तुमच्याकडे येतात ते लेखी हस्तांतरणानेच, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पुढे ऑर्डर येणार असतील तर "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द असलेच पाहिजेत. मूळ फाइलही मागा, नुसता फोटो नको.

४०,००० ची वाटणी साधारण अशी बसेल: ट्रेडमार्क ९,०००, अक्षरं आणि लेबलचं डिझाइन मिळून १२,०००, छपाई ८,०००, मालाचे चांगले फोटो ३,०००, शिक्का, छापील चिकटपट्टी आणि बोर्ड ३,०००. उरलेले ५,००० दुसऱ्या खेपेच्या दुरुस्तीला राखून ठेवा, ते लागतातच. घरासमोर किंवा गाळ्यावर बोर्ड लावाल तेव्हा लक्षात ठेवा, २०२२ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रात लहान दुकानांनाही नाव देवनागरी मराठीत आधी लिहावं लागतं आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत.

वेळेचं गणित उन्हाळ्यावरून मांडा. वर्षाचा मसाला घरोघरी मार्च ते मेमध्ये होतो, आणि ज्यांना आता घरी करणं जमत नाही ते तेव्हाच विकत शोधतात. लेबलं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात हवीत, म्हणजे नाव दिवाळीपर्यंत पक्कं झालेलं बरं. दुकानांत ठेवण्याआधी जुन्या गिऱ्हाइकांना नव्या पाकिटात एक ऑर्डर पाठवा आणि सोबत चिठ्ठी टाका, "मसाला तोच, पाकीट नवं." ती टाकली नाही तर चार जण तरी नक्की म्हणणार की चव बदलली.